तामेवेरे गायनमंडळातला चोक

हंऽऽ... ऐकू आलं? तोच मी. ट्यूबलाइट लावली की पट्टीच्या पोटातून जी गुणगुण येते ना, ती माझी. नळी वर मिरवते, स्टार्टर डोळे मिचकावतो आणि कामाचा सगळा भार माझ्यावर. मी चोक. लोखंडी पत्र्यांची चळत, तिच्याभोवती तांब्याची तार आणि वरून पत्र्याचा अंगरखा. दिसायला विटेचा तुकडा, हे मला मान्य आहे. पण माझं नाव गाण्यात झालंय, आणि ते कसं झालं हे सांगितल्याशिवाय आज मी तुम्हाला सोडणार नाही.

माझा जन्म सोव्हिएत काळातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. महिनाभर तिथे सगळं निवांत चालायचं आणि शेवटच्या दिवशी ठरलेला आकडा गाठायला जो तो शेपटीला आग लागल्यासारखा धावायचा. मी नेमका त्या शेवटच्या दिवशीचा. पत्रे एकमेकांना घट्ट धरून बसावेत म्हणून चोकला वार्निशात बुडवतात. त्या दिवशी वार्निश संपलं होतं. मला रिकाम्या पिंपाचं दर्शन घडवलं आणि पुढे ढकललं. तपासणाऱ्या बाईने वीज जोडली, आणि मी छाती भरून पहिला हुंकार दिला.

“अगं बाई! हा तर गातोय!”

“गाऊ दे गं. आकडा भरायचाय,” शेजारची म्हणाली, आणि माझ्या पाठीवर पास झाल्याचा शिक्का बसला.

माझी रवानगी झाली एस्टोनियातल्या तामेवेरे गावी, सभागृहाच्या स्टेजवरच्या पट्टीत. हॉलभर इतर पट्ट्या होत्या, त्यांत माझे भाऊबंद होते. ते बिचारे मुकाट, वार्निश प्यालेले. मी एकटाच बोलका. माझ्या उजेडात सामुदायिक शेतीच्या बटाट्यांवर भाषणं झाली, लग्नं झाली, नाच झाले, मग एक दिवस देशच स्वतंत्र झाला आणि भिंतीवरचे फोटो उतरले. मला कोणी उतरवलं नाही. देश बदलला तरी वीज तीच होती.

दर गुरुवारी संध्याकाळी गायनमंडळ जमायचं. त्याची संचालिका साल्मे. बांधा बारीक, मान ताठ, आणि नाकावर राग. ती कधी नादकाटा वापरायची नाही. दुसऱ्या गावच्या संचालिका तो काटा गुडघ्यावर आपटून कानाला लावतात, त्याची तिला कीव यायची.

“नादकाटा म्हणजे कुबडी,” ती म्हणायची. “सूर कानात असावा लागतो. माझ्या आहे. देवाने दिलाय.”

मग ती डोळे मिटायची, मान किंचित वर करायची, बरोबर माझ्या दिशेने, आणि “हंऽऽ” असा सूर द्यायची. माझाच. अगदी जसाच्या तसा. मंडळी तो उचलायची आणि मी खालून धरून ठेवायचो, गवयाच्या मागे तंबोरा धरतो तसा. वाद्यांशिवाय गाणाऱ्या मंडळांचा सूर गाता गाता खाली घसरतो, हे दुखणं सगळीकडचं. तामेवेरेचा सूर कधी घसरला नाही. मी घसरू देईन तर ना! त्यांची सगळी गाणी एकाच सुरावरून सुरू होतात, ही गोष्ट इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आली नाही, आणि मीही चारचौघांत बोललो नाही.

दर पाच वर्षांनी ताल्लिनला गाण्याचा मोठा महोत्सव भरतो. हजारो माणसं एका कमानीखाली उभी राहून एका गळ्याने गातात. तिथे जायचं तर आधी निवड व्हावी लागते. पूर्वी परीक्षक गावोगाव फिरायचे. ते आमच्याच हॉलमध्ये येऊन बसायचे, माझ्याखाली, आणि माना डोलवत जायचे. साल्मे लहान मुलगी होती तेव्हापासून तिचा एकही महोत्सव चुकला नव्हता.

आता कथेत मास्तर येतात. नाव हेल्दुर. निवृत्त भूगोलशिक्षक, मंडळात खर्जात गाणारे, आणि विजेच्या उद्योगांचे भारी शौकीन. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. जुने रेडिओ, उघडी घड्याळं, वायरींचे गुंडाळे, आणि हातात सदा तापलेली डाग द्यायची कांडी. त्यांची बायको माइमू म्हणायची, “या माणसाला जगातल्या सगळ्या नद्या पाठ आहेत, पण घरातला नळ गळतोय ते दिसत नाही.”

झालं असं, की दुकानांतून लांब नळ्या मिळेनाशा झाल्या. हॉलमधली एकेक नळी मरायला टेकलेली. नवीन दिवे घ्यायचे म्हणून बैठक भरली तेव्हा मास्तर उभे राहिले. “घ्यायचे कशाला? जुन्या पट्ट्या तशाच ठेवू. आतून नळी, चोक, स्टार्टर सगळं काढतो आणि एलईडीच्या पट्ट्या बसवतो. मी स्वतः करतो.”

“मास्तर, परवा तुम्ही चर्चची घंटा दुरुस्त केली होतीत,” एन्देल म्हणाला. एन्देल मंडळातला वरच्या पट्टीचा गळा आणि गावातली सगळ्यात लांब जीभ. “ती अजून दुपारी एकदा जास्तच वाजते.”

“ती फुकट जास्त वाजते, एन्देल,” मास्तर शांतपणे म्हणाले, आणि ठराव पास झाला.

पहिला प्रयोग पाहायला अख्खं गाव आलं. मास्तरांनी बटण दाबलं आणि हॉलमध्ये असा निळसर पांढरा उजेड पसरला की माइमू ओरडली, “अरे देवा, आपण सगळे मेलोय!” खरोखर एकेकाचा चेहरा बर्फातल्या माशासारखा दिसत होता. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी पिवळसर पट्ट्या आणल्या. त्या सुंदर दिसल्या, फक्त बटण बंद केल्यावरही मंद मंद उजळत राहिल्या. जुन्या वायरिंगमध्ये बटण भलत्याच तारेवर बसवलेलं होतं, तेवढीच भानगड. पण दोन दिवस गावात चर्चा होती की हॉलमध्ये जुन्या सामुदायिक शेतीचा अध्यक्ष येऊन बसतो. मास्तरांनी तारा बदलल्या आणि अध्यक्ष गेला.

स्टेजवरची पट्टी सगळ्यात शेवटी झाली. मास्तरांनी माझे स्क्रू काढले आणि मला तळहातावर तोललं. “जड आहेस रे,” म्हणाले आणि खिशात टाकलं. भाऊबंद भंगारात गेले. मला मात्र त्यांनी शेडमध्ये नेऊन टेबलावर ठेवलं. जुनी वस्तू टाकवत नाही, हा त्यांचा आजार, आणि त्याच आजाराने पुढे सगळ्यांना तारलं.

आणि मग पुढच्या गुरुवारी तामेवेरेचं गायनमंडळ कोसळलं.

मी तिथे नव्हतो. पण मास्तर घरी आले ते पडलेल्या तोंडाने आणि सगळं माइमूला सांगत बसले, म्हणून मला कळलं. साल्मेने डोळे मिटले, सूर दिला, आणि गाणं निघालं ते उतारावर सुटलेल्या गाडीसारखं खाली खाली. दुसऱ्या कडव्यापर्यंत खर्जवाल्यांचे आवाज बुटात गेले होते. पुन्हा सुरुवात केली तर साल्मेचा सूरच वेगळा. तिसऱ्यांदा आणखी वेगळा.

“तुम्ही खर्जवाले झोपेत गाता!” साल्मे कडाडली.

“उजेडामुळे होतंय,” एन्देल म्हणाला. “आता एकमेकांच्या सुरकुत्या दिसतात. लक्ष लागेल कसं?”

त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी तेच. त्यातच कळलं की यंदा परीक्षक गावात येणार नाहीत, तालुक्याच्या शाळेत जाऊन गायचं आहे. साल्मे दिवसेंदिवस वाळत चालली. एकदा तिने हात खाली घेतले आणि हळूच म्हणाली, “कान म्हातारा झाला असेल माझा.” ती असं कधी बोलत नसे. मग खडसावून म्हणाली, “यंदा निवड झाली नाही तर मी ही संचालनाची छडी खाली ठेवणार. मंडळ संपलं.” तिच्याशिवाय दुसरं कोण उभं राहणार होतं? तिने छडी ठेवली की तामेवेरेतलं गाणंच थांबणार होतं.

मास्तरांच्या मनाला ते लागलं. पण दिव्यांचा आणि सुरांचा संबंध त्यांना तरी कसा कळावा? ते आपलं दुःख विसरायला शेडमध्ये आले आणि उगाच चाळा म्हणून मला एका जुन्या पिवळ्या बल्बच्या जोडीने वायरीला लावून बसले. मी कितीतरी दिवसांनी वीज चाखली. “हंऽऽ!” असा खणखणीत आवाज दिला. मास्तर डाग देत देत गाणं म्हणू लागले. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं.

माइमू काळा पाव आणि खारवलेले मासे घेऊन दारात आली आणि ताट धरून तशीच उभी राहिली.

“हेल्दुर, परत म्हण.”

“काय?”

“तेच गाणं. म्हण.” त्यांनी म्हटलं. “आता तो विटेचा तुकडा बंद कर आणि म्हण.” त्यांनी प्लग काढून म्हटलं, आणि दुसऱ्या कडव्यातच सूर घसरला. माइमूने ताट खाली ठेवलं आणि पोट धरधरून हसायला लागली. “अरे शहाण्या! तू हॉलमधून दिवा नाही काढलास. तू साल्मेचा कान काढून आणलास!”

मास्तर आधी हसले, मग एकदम पांढरे पडले, मग पुन्हा हसले. “तिला सांगायचं कसं?”

“सांगायचंच नाही. जीव देईल ती.”

तर मला गुपचूप सभागृहात परत नेण्यात आलं, यावेळी स्टेजच्या फळ्यांखाली. गुरुवारी मंडळी यायच्या आधी मास्तर प्लग लावायचे. पहिल्याच दिवशी साल्मेने डोळे मिटले आणि तिची मान आपोआप वर जाण्याऐवजी खाली झुकली. सूर आला. गाणं सरळ उभं राहिलं. शेवटी एन्देल टोपी उडवून नाचला आणि साल्मेच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघितलंत? शिस्त!” ती म्हणाली. “बाकी काही नाही, शिस्त!” फळीखाली मला इतकं हसू आलं की धूळ उडाली.

पण निवड तालुक्याला. आणि मी फळीखाली.

“मी त्याला घेऊन जातो,” मास्तरांनी माइमूला सांगितलं. “स्टेजच्या कडेला प्लग असतोच. मी खर्जात शेवटी उभा असतो. कोणाला कळणार?” मला लपवायला त्यांनी माइमूचा नाताळच्या बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा पळवला. त्यात मी, शेजारी पिवळा बल्ब, आणि वायर बाहेर यायला बाजूला भोक. डबा पाहून माइमूने कपाळावर हात मारला. पत्र्याच्या डब्यात ढोलकी वाजवली तर काय होतं, हे भूगोलाच्या पुस्तकात नसतं.

शाळेचा हॉल भरला होता. आमच्या बायका रेघारेघांच्या घागऱ्यांत, पुरुष काळ्या कोटांत. समोर तीन परीक्षक. मधल्या बाईंचा चष्मा नाकाच्या टोकावर. मास्तरांनी डबा पायाशी ठेवला आणि प्लग लावला.

“हंऽऽऽऽऽ!”

आयुष्यात एवढा मोठा आवाज मी कधी काढला नव्हता. डबा माझ्याबरोबर थरथरला, खालची लाकडी फळी डब्याबरोबर थरथरली. झाकणाच्या फटीतून बल्बचा सोनेरी उजेड बाहेर पडायला लागला. साल्मेने हात उचलले होते ते हवेतच राहिले.

“हा कसला आवाज?” परीक्षकबाईंनी विचारलं.

“वारा,” एन्देल म्हणाला.

“वाऱ्याला उजेड येत नाही,” बाई म्हणाल्या आणि उठून सरळ आमच्याकडे चालत आल्या. खर्जवाले छताकडे बघू लागले. बाईंनी झाकण उघडलं. “यात बिस्किटं नाहीत,” त्या जरा निराश होऊन म्हणाल्या. “हे काय आहे?”

मास्तर खाली वाकून झाकण शोधू लागले. आणि मग साल्मे आली. स्टेजच्या मधोमध असलेली आपली जागा सोडून, रांगेला वळसा घालून. ती डब्यावर वाकली. माझ्याकडे बघितलं नाही तिने, डोळे मिटून ऐकलं. मी पाहत होतो, तिचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू बिटासारखा लाल झाला. तिला सगळं कळलं होतं. नादकाट्याची कुबडी, देवाने दिलेला कान, शिस्त, सगळं त्या एका क्षणात तिच्यासमोर उघडं पडलं होतं, आणि तेही परक्या लोकांसमोर. मला लाज वाटली. बंद व्हावंसं वाटलं, पण चोकला स्वतःहून बंद होता येत नाही.

“हा आमचा जुना सभासद आहे,” साल्मे ताठ होत परीक्षकबाईंना म्हणाली. “आमच्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं गायलाय.”

“नियमाप्रमाणे वाद्य चालत नाही.”

“माहीत आहे.” ती मास्तरांकडे वळली. “हेल्दुर, प्लग काढ.”

प्लग निघाला. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. साल्मे आपल्या जागी गेली. तिने हात वर केले. तिने मान वर केली, मग खाली, मग डावीकडे. कुठूनच काही येत नव्हतं. परीक्षकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

आणि तेव्हा माझ्या डोक्याच्या वरून, अगदी जवळून, आवाज आला. “हंऽऽ.”

मास्तर! ओठ मिटलेले, डोळे साल्मेवर, आणि पोटातून माझाच सूर. इतके दिवस शेडमध्ये माझ्या शेजारी बसले होते, तो त्यांच्या हाडांत मुरला होता. साल्मेने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि हात खाली आणला. गाणं सुरू झालं. मास्तरांनी शब्द म्हटलेच नाहीत. ते नुसते धरून राहिले. त्यांचा श्वास संपत आला तेव्हा शेजारच्याने “हंऽऽ” उचललं, त्याचा संपला तेव्हा त्याच्या शेजारच्याने, आणि तोवर मास्तर दम घेऊन परत हजर. गाणं त्या आधारावर वर वर चढत गेलं. मी डब्यात थंड पडत होतो आणि आनंदाने वेडा होत होतो. शेवटचा सूर संपला तेव्हा तो सुरुवातीला जिथे होता तिथेच होता, केसभरही खाली नाही.

परीक्षकबाईंनी चष्मा वर सरकवला. “सूर जरा नेहमीपेक्षा उंच आहे. पण असा अढळ सूर आज कोणाचा लागला नाही. आणि ती खालची गुणगुण! कोणाची कल्पना?”

“आमच्या गावची जुनी पद्धत आहे,” साल्मे चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाली.

निवड झाली! परतीच्या बसमध्ये जो धुमाकूळ झाला तो काय सांगू. एन्देलने मला डब्यातून काढून माझ्यावर आपली टोपी चढवली आणि प्रत्येक सीटवर फिरवलं. बायकांनी मला ओवाळायचंच बाकी ठेवलं. ड्रायव्हर म्हणाला की इतके आनंदी एस्टोनियन त्याने कधी पाहिले नाहीत, सगळ्यांची तब्येत ठीक आहे ना? फक्त साल्मे खिडकीशी एकटी बसली होती.

गावात उतरल्यावर मंडळी माइमूच्या मागे कॉफी आणि केकवर तुटून पडली. मास्तर मला सभागृहात ठेवायला आले, तेव्हा साल्मे मागोमाग आली.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“हिवाळ्यापासून.”

“आणि बोलला नाहीस.”

“काय बोलायचं?”

“हेच, की माझ्या कानात काही नाही. जे होतं ते या डबड्याचं होतं.”

मास्तरांनी मला हातातल्या हातात फिरवलं. त्यांना असल्या बोलण्याची सवय नव्हती. तामेवेरेत कोणालाच नाही. “साल्मे, हा सगळ्यांसाठीच गुणगुणत होता. बटाट्यांच्या सभेला गुणगुणला, मतदानाला गुणगुणला. अध्यक्ष याच्याखाली तासन्‌तास बोलला. त्यातल्या एकानेही गाणं केलं नाही. तू केलंस.”

साल्मेने रुमालाने नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “याला परत जोडू नकोस. आता तू आहेस. आणि गुरुवारी वेळेवर ये.” दारापर्यंत जाऊन ती थांबली. “दुसऱ्या कडव्यात तू श्वास उशिरा घेतलास.”

तेव्हापासून मी निवृत्त आहे. सभागृहातल्या पियानोवर बसतो. मला वायर नाही. महोत्सवाला मला नेलं होतं, माइमूने विणलेल्या छोट्या झोळीत घालून. मंडळाच्या फोटोत पुढच्या रांगेत मधोमध खुर्चीवर जो काळा तुकडा दिसतो, तो मी. लोक विचारतात, हा दगड कशाला ठेवलाय?

तुम्हीही घरातल्या जुन्या पट्ट्या काढाल. काढा, खुशाल काढा, एलईडी चांगली असते, वीज कमी खाते, माझा तिच्यावर राग नाही. पण स्क्रू फिरवण्याआधी एकदा दिवा लावून दोन घटका गप्प बसा. घरात कोण कोणाच्या आधारावर गातंय, ते आधी नीट ऐकून घ्या.

माझं म्हणाल तर मजेत आहे. गुरुवारी मंडळी येतात, साल्मे हात वर करते, मास्तर ओठ मिटून “हंऽऽ” करतात, आणि पियानोवर माझे ते बिनवार्निशचे सैल पत्रे आपोआप थरथरायला लागतात. वीज नाही, वायर नाही, तरी मी गातो! बाहेर कोणाला ऐकू जात नाही. मास्तरांचा सूर अजून माझ्यापेक्षा जरासा खाली लागतो. पण मी कोणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका.